बोधिवृक्षावरची पांढरी खपली : कोड नव्हे, चमत्कारही नव्हे

रायगडच्या किनाऱ्याने उरणपासून खाली अलिबाग, रेवदंडा, मुरुड, श्रीवर्धन असे उतरत गेले की एक गोष्ट जागोजागी नजरेस पडते. वाडीतल्या पोफळीच्या खोडावर, विहाराच्या अंगणातल्या पिंपळावर, शाळेमागच्या जांभळावर पांढरे, राखी, कुठे हिरवट असे डाग पसरलेले असतात. कुणी चुना मारावा आणि अर्धवट पुसून टाकावा, तसे ते दिसतात. आपण रोज त्यांच्यापुढून ये-जा करतो, पण थांबून पाहात नाही. आणि कधी पाहिलेच, तर न तपासता काहीतरी बोलून मोकळे होतो. कुणी म्हणतो, झाडाला कोड फुटले. कुणी म्हणतो, करणी आहे. त्या डागांत काळ्या रेघा दिसल्या, तर हात जोडणारेही भेटतात.

हे डाग म्हणजे काय, ते ओळखावे कसे आणि ते कुठे राहतात, हे आमच्या वाचक बंधू-भगिनींना सांगावे म्हणून हा लेख लिहीत आहोत. विषय लहान वाटेल. पण या लहान विषयापायी एका वस्तीत विहारासमोरचा बोधिवृक्ष तोडला जाणार होता, म्हणून तो लहान नाही.

एका वस्तीत काय घडले

अलिबाग-मुरुड रस्त्यालगतची ही वस्ती. नाव देत नाही, कारण असे कोणत्याही वस्तीत घडू शकते. विहार बांधला तेव्हा जुन्या मंडळींनी अंगणात पिंपळ लावला होता. पुढे अंगणाला फरशी झाली, पिंपळाभोवती सिमेंटचा ओटा झाला. दोन-तीन वर्षांपासून झाडाची एक फांदी वाळू लागली, पाने विरळ झाली आणि खोडावरचे पांढरे डाग वाढले. रविवारच्या वंदनेनंतर बैठक बसली. काही जणांचे म्हणणे पडले की झाडाला कोड लागले आहे, ते पसरण्याआधी झाड काढून टाकावे. लाकूड नेणारा माणूसही ठरला होता. एका तरुणाने त्याआधीच कोयत्याने एक बाजू खरवडून पाहिली होती.

दुसरा पक्ष याहून वेगळा होता. एका डागात काळ्या रेघा होत्या, सरळ, वाकड्या, मधूनच फाटा फुटलेल्या. त्या पाहून काही मुलांना वाटले की ही ब्राह्मी अक्षरे आहेत. मग काय विचारता! बोधिवृक्षावर धम्मलिपी प्रकट झाली, असा फलक लावायचा आणि पौर्णिमेला लोकांना दर्शनाला बोलवायचे, इथपर्यंत बोलणे गेले. एका पक्षाला झाड तोडायचे होते आणि दुसऱ्याला झाड पुजायचे होते. झाडाकडे जवळ जाऊन पाहिलेले मात्र दोघांतही कोणी नव्हते.

आम्हाला बोलावणे आले ते एवढ्याचसाठी की, “तुम्ही कचेरीतले कागद वाचता, तर हेही वाचून सांगा.” आम्ही वनस्पतिशास्त्राचे पदवीधर नव्हे. पण तपासल्याशिवाय शेरा मारू नये, एवढे कारकुनी शिकवतेच. बैठकीत सगळ्यांत आधी शहाणपणाचे बोलल्या त्या वस्तीतल्या एक आजी. जन्म त्यांचा दुसऱ्याच्या वाडीत शिपणे करण्यात आणि सुपाऱ्या वेचण्यात गेलेला. त्या म्हणाल्या, “लग्न होऊन आले तवापासून हे डाग मी पोफळीवर बघते. यानं एक पोफळ मेलेली मी नाय बघितली.” पन्नास वर्षांचे निरीक्षण एका वाक्यात आले होते. पुस्तकांतही नेमके हेच लिहिलेले आहे.

एक नाव, दोन जीव

या डागांना मराठी शास्त्रीय परिभाषेत शैवाक म्हणतात. नाव नवे वाटले तरी वस्तू आपल्या घरात आहे. मसाला करताना लवंग, दालचिनी, तमालपत्राबरोबर आपल्या माता-भगिनी जे काळपट, कागदासारखे हलके दगडफूल भाजून घेतात, तेही शैवाकच. दगडफूल हे फूल नाही आणि दगडाचे तर नाहीच. ते शैवाकाचे पानासारखे रूप आहे.

शैवाक हा एकटा जीव नसतो. एक बुरशी आणि एक शैवल म्हणजे शेवाळाच्या जातीचा सूक्ष्म हिरवा जीव, असे दोघे मिळून ते बनते. काही शैवाकांत शैवलाच्या जागी निळे-हिरवे जिवाणू असतात. बुरशीला उन्हातून अन्न करता येत नाही, ते काम शैवल करते. बुरशी आपल्या धाग्यांचे घर बांधते, पाणी धरून ठेवते आणि कडक उन्हापासून शैवलाला आडोसा देते. दोघांच्या या बिऱ्हाडाला आपण एक नाव दिले आहे, इतकेच. जगात शैवाकांच्या सुमारे २०,००० जाती मानतात. भारतात २,५०० हून अधिक जातींची नोंद आहे.

शैवाक हे दोन जीवांचे मिळून बनते, हे १८६७ साली सिमोन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने मांडले. त्या काळच्या मोठमोठ्या शैवाकतज्ज्ञांनी त्याची टर उडवली. आपला अभ्यासाचा जीव अस्सल एकसंध नाही, तो मिश्र आहे, हे त्यांना सोसले नाही. पण सूक्ष्मदर्शकाखाली जे होते ते होते. काही वर्षांत जगाला ते मान्य करावे लागले.

यातली आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावी. श्वेंडेनरने बुरशीला धनी आणि शैवलाला गुलाम म्हटले होते. पुढच्या शास्त्रज्ञांनी सहजीवन हा शब्द आणला. आजही यात किती देवाणघेवाण आहे आणि किती ओरबाडणे, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण एक गोष्ट पक्की आहे. शैवाकातली बुरशी सहसा शैवलावाचून रानात जगू शकत नाही. उलट, यातली काही शैवले बुरशीवाचून सुखाने जगतात. म्हणजे धनी गुलामावाचून लंगडा, आणि गुलाम मात्र आपल्या पायावर उभा! अर्थात निसर्गात अमुक आहे म्हणून माणसांतही तमुक असावे, हा युक्तिवाद आपल्या देशात फार जणांनी आपल्या सोयीने केलेला आहे. आपल्याला तो कोणत्याही बाजूने करायचा नाही. माणसाने समतेने वागावे, यासाठी झाडाच्या सालीची साक्ष काढण्याची गरज नाही.

ओळखावे कसे

ओळखण्यासाठी मोठी साधने लागत नाहीत. घड्याळ दुरुस्त करणारे वापरतात तसले दहापट मोठे दाखवणारे भिंग, थोडे पाणी आणि एक वही पुरे. वस्तीतल्या पिंपळापाशी आम्ही मुलांकडून जे करवून घेतले, तेच क्रमाने सांगतो.

पहिली परीक्षा नखाची. डागाच्या कडेखाली नख घालून पाहावे. कड उचलली गेली, तर ते पानासारखे शैवाक, म्हणजे दगडफुलाचे भाऊबंद. दाढीसारखे लोंबत असेल किंवा झुडपासारखे उभे असेल, तर तिसरा प्रकार. शाळेच्या प्रयोगशाळेतला लिटमस कागद ज्या रंगाने होतो, तो रंग मुळात अशाच झुडूपवजा, समुद्रकाठच्या रोसेला नावाच्या शैवाकांपासून काढत. आणि कड उचलताच आली नाही, डाग सालीशी असा एकजीव झालेला असेल की साल काढल्याखेरीज तो निघणार नाही, तर ते खपलीसारखे शैवाक. झाडावरचे चुनकट डाग बहुतेक याच प्रकारचे असतात.

दुसरी परीक्षा पाण्याची. चुन्याचा शिंतोडा किंवा पाखराची शीट पाण्याने सुटते. पिठ्या ढेकूण असेल तर बोटाला पांढरे लागते आणि खाली किडा दिसतो. शैवाक यातले काही करत नाही. पाणी शिंपडून थोडा वेळ थांबले की राखी डागावर हिरवट छटा चढते. वरचा थर ओला झाल्याने आतले शैवल दिसू लागते. पावसाळ्यात हीच झाडे हिरवट आणि उन्हाळ्यात पांढरी का दिसतात, याचे उत्तर यात आहे.

तिसरी परीक्षा भिंगाची, आणि ही सगळ्यांत गोड. खपलीवर तिची फळे शोधावीत. शैवाकातली बुरशी ज्यांतून आपले बीजाणू बाहेर टाकते, ती ही फळे. किनाऱ्यावरच्या झाडांवर सहसा तीन तऱ्हा भेटतात. काळ्या, उंचावलेल्या, मधोमध बारीक चीर असलेल्या रेघा दिसल्या, तर ते ग्राफिस किंवा त्याच्या कुळातले. काळे, टाचणीच्या डोक्याएवढे किंवा त्याहून लहान उंचवटे आणि टोकाला सुईचे भोक दिसले, तर पायरेन्यूलासारखे. काठ असलेल्या चिमुकल्या ताटल्या दिसल्या, तर लेकॅनोरासारखे.

ग्राफिस या नावाचा संबंध लिहिण्याशी आहे. स्वीडनच्या लिनिअसने १७५३ साली युरोपातल्या अशाच एका शैवाकाला ‘लिहिलेले’ या अर्थाचे लॅटिन नाव दिले होते. म्हणजे रेघा पाहून अक्षरे आठवणे हे काही आपल्याच मुलांना झाले असे नाही. फरक इतकाच, की लिनिअसने ते नाव देऊन पुढे अभ्यास केला, त्याने दानपेटी ठेवली नाही.

पिंपळावरच्या त्या ‘ब्राह्मी अक्षरां’वर मुलांनी भिंग धरले. प्रत्येक रेघेच्या मधोमध बारीक फट दिसली, जणू मिटलेले ओठ. शेजारच्या जांभळावर तशाच रेघा, पलीकडच्या पोफळीवर तशाच. फलकाचा आग्रह धरणारा मुलगाच शेवटी म्हणाला, “काका, हे सगळीकडेच लिहिलंय की!” आम्ही त्याला म्हटले, लिहिलेले नाही, उगवलेले आहे. त्याने मान हलवली आणि पुढची पोफळ तपासायला गेला. फलकाचा विषय तिथेच संपला.

चौथी खूण सीमेची. दोन वेगवेगळी शैवाके वाढत वाढत एकमेकांना भिडली की मध्ये पुष्कळदा काळी किंवा तपकिरी रेघ राहते. सगळे खोड नकाशासारखे दिसू लागते. त्यावरून एका हातभर सालीवर किती वेगवेगळी बिऱ्हाडे आहेत, हे मुलांनाही मोजता येते.

पाचवी खूण रंगाची. ग्राफिसच्या कुळात बुरशीचा जोडीदार बहुधा ट्रेन्टेपोहलिया नावाचे शैवल असते. नाव अवघड आहे, पण ओळख जुनी आहे. पावसाळ्यानंतर कोकणात भिंतींवर, माडांच्या खोडांवर जो नारिंगी-तांबडा मखमली थर दिसतो, तो पुष्कळदा हेच शैवल एकटे राहात असताना. गाजराला रंग देणाऱ्या द्रव्याच्या जातीचे द्रव्य त्यात असते. खपलीचा अगदी कणभर भाग खरवडला तर आत नारिंगी किंवा पिवळट-हिरवी झाक दिसते, ती याची.

इथपर्यंत आपली धाव. नेमकी जात सांगणे हे तज्ज्ञांचे काम. ते त्या काळ्या रेघेचा पातीने पातळ काप घेतात, सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंचा रंग आणि त्यांतले पडदे मोजतात, रसायनांचे थेंब टाकून रंग बदलतो का ते पाहतात. महाराष्ट्राला या कामाचा मोठा वारसा आहे. पुण्यात १९४६ साली स्थापन झालेली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी, जिच्या संशोधन संस्थेला १९९२ साली तिचे संस्थापक प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचे नाव दिले गेले, तिथे डॉ. पी. जी. पटवर्धन, डॉ. उर्मिला मखिजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतल्या शैवाकांचा, विशेषतः या रेघांच्या कुळाचा, वर्षानुवर्षे अभ्यास केला. लखनौचे डॉ. धरणीधर अवस्थी यांना तर भारतीय शैवाकशास्त्राचे जनक मानतात. विज्ञान शाखेत जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी ही नावे लिहून ठेवावीत.

झाडाचे नुकसान होते काय?

याचे सरळ उत्तर, नाही. खरा शोषण करणारा म्हणजे बांडगूळ. ते फांदीत मूळ घुसवून झाडाचा रस पिते. खपलीचे शैवाक सालीच्या बाहेरच्या, मेलेल्या थरातच राहते. त्याला मुळे नसतात. पाणी ते पावसाचे आणि दवाचे घेते, अन्न त्याचे शैवल करते. झाडाकडून त्याला बसायला जागा हवी असते, बाकी काही नाही.

मग खंगलेल्या झाडावर डाग जास्त का दिसतात? इथेच लोकांची फसगत होते. झाड दुसऱ्या कारणाने खंगते, त्याची पाने विरळ होतात, खोडावर जास्त उजेड पडतो, आणि उजेड मिळाला की शैवाक पसरते. आधी झाड आजारी, मागून डाग. आपण मागून आलेल्याला आधीचे ठरवतो आणि त्याला शिक्षा देतो. कारणाशिवाय कार्य होत नाही, हे तथागतांनी सांगितले. पण कारण कोणते आणि कार्य कोणते, हे तपासण्याचे कष्ट आपले आपल्यालाच घ्यावे लागतात.

त्या पिंपळाचे खरे दुखणे खोडावर नव्हते, पायाशी होते. सिमेंटचा ओटा खोडाला घासून बांधलेला, भोवती सगळी फरशी. पावसाचे पाणी गटारात जात होते, मुळांना थेंब मिळत नव्हता. मंडळाने ठराव करून ओट्याचा खोडाकडचा भाग फोडला, दोन हात माती मोकळी केली, वाळलेली फांदी तेवढी काढली. पुढच्या पावसाळ्यात झाडाने चांगली पालवी धरली. डाग आहेत तिथेच आहेत. झाडाला इजा झाली ती एकाच ठिकाणी, जिथे कोयता चालला होता. तिथे चीक गळून साल फाटली आणि तो व्रण अजून भरलेला नाही.

कोड हा शब्द आला म्हणून एक गोष्ट घराघरांत सांगायला हवी. माणसाच्या अंगावरचे कोडही स्पर्शाने पसरत नाही. ते पाप नव्हे आणि शापही नव्हे. तरीसुद्धा कोड असलेल्या मुलीचे लग्न मोडते, तिच्या हातचे पाणी टाळले जाते. कातडीकडे पाहून माणसाला बाजूला बसवणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. निदान आपल्या घरांत तरी हे घडू नये.

याचे घर कुठे असते?

खपलीचे शैवाक कुठेही उगवत नाही. त्याची वाढ फार संथ, बहुतेक जातींची वर्षाला एखाद-दोन मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. म्हणून त्याला अशी साल हवी जी वर्षानुवर्षे जागेवर राहील. पेरूची, निलगिरीची साल दरवर्षी सोलून पडते, त्यांवर याचे बिऱ्हाड टिकत नाही. पोफळ, पिंपळ, उंबर, जांभूळ, फणस यांची साल टिकून राहते. त्यातही गुळगुळीत सालीवर ग्राफिसच्या रेघा स्वच्छ उठून दिसतात. ऐनासारख्या भेगाळलेल्या सालीवर दुसरी मंडळी राहतात. खाडीकाठी भरतीच्या रेषेच्या वर, जुन्या तिवरांच्या खोडांवरही शैवाके असतात.

दुसरी गरज ओलाव्याची आणि उजेडाची. आपल्या किनाऱ्यावर चार महिने पाऊस कोसळतो आणि आठ महिने कोरडे जातात. कोरड्या दिवसांत शैवाक सुकून जवळजवळ थांबून राहते. समुद्रावरून दमट वारा आला, पहाटे दव पडले, की तेवढ्यापुरते जागे होऊन काम करते. गर्द काळोखात त्याचे भागत नाही आणि भाजणाऱ्या उन्हातही नाही. जुनी झाडे, पानांतून गाळून येणारा उजेड आणि दमट हवा हे त्याचे माहेर. मुरुड आणि रोहे तालुक्यांच्या हद्दीतले फणसाडचे जंगल असेच आहे. एके काळी जंजिऱ्याच्या नवाबाचे ते शिकारीचे रान होते, १९८६ साली ते अभयारण्य झाले. तिथे शेकरू पाहायला लोक जातात. वर शेकरू पाहून झाले की मान खाली करून खोडही पाहावे. मात्र अभयारण्यातून सालीचा तुकडाही आणायचा नाही, तो गुन्हा आहे. पाहायचे, वहीत चित्र काढायचे आणि परत यायचे.

तिसरी गरज स्वच्छ हवेची. १८६६ साली विल्यम नायलँडर या फिनलंडच्या अभ्यासकाच्या ध्यानात आले की पॅरिस शहरातून शैवाके नाहीशी होत आहेत. पुढे कळले की कोळशाच्या धुरातला गंधक-वायू त्यांना मारतो. शैवाकाला मूळ नाही, सालीचे कवच नाही. हवेत जे असेल ते थेट त्याच्या अंगात जाते. झुडपासारखी शैवाके आधी जातात, पानासारखी मागून, खपलीची सहसा सगळ्यांत शेवटी. म्हणून जिथे झाडे जुनी असूनही खपलीसुद्धा उरलेली नाही, तिथल्या हवेबद्दल प्रश्न विचारलाच पाहिजे. आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्यालगत बंदरे आहेत, खताचे आणि रसायनांचे कारखाने आहेत, आपलीच मुले तिथे कामाला आहेत. आम्ही कोणावर आरोप करीत नाही. पण दरवर्षी त्याच दहा झाडांवरचे डाग मोजून वहीत लिहिले, तर पाच वर्षांनी वस्तीच्या हातात स्वतःचा पुरावा असेल. यंत्रे महाग असतात, वही-पेन्सिल महाग नसते.

आणि झाडच गेले तर? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडच्या किनाऱ्यावर आदळले. पोफळी आणि माड आडवे झाले, वाड्याच्या वाड्या बसल्या. बागायतदारांचे नुकसान मोजले गेले. पण ज्यांची वाडी नव्हती, ज्यांची फक्त त्या वाडीत मजुरी होती, त्यांचे नुकसान कोणत्या रकान्यात लिहिणार? नवी पोफळ सुपारी धरायला पाच-सात वर्षे घेते. तिच्या खोडावर जुन्या पोफळीसारखा नकाशा उमटायला याहून कितीतरी अधिक. झाड पडले की त्याच्या आधाराने जगणारे सगळे पडतात, वर चढणारे, खाली वेचणारे आणि सालीवर राहणारे. म्हणून जिथे जुने झाड उभे आहे, तिथे ते उभे ठेवणे हेच पहिले काम.

खरी अक्षरे पाहायची असतील तर

मुलांना ब्राह्मी अक्षरांची हौस असेल तर ती फार चांगली हौस आहे. ती पुरी करायला आपल्याच जिल्ह्यात तळा तालुक्यात, मांदाडच्या खाडीजवळ, कुड्याची बौद्ध लेणी आहेत. सव्वीस लेणी, आणि त्यांत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली. राजेरजवाड्यांपेक्षा माळी, वैद्य, लोखंडाचा व्यापारी अशी कामाची माणसे तिथे भेटतात. ती अक्षरे दगडावर आपोआप उमटलेली नाहीत. कुणीतरी दान दिले, कुणीतरी छिन्नी चालवली, म्हणून ती आहेत. मधल्या काळात ती वाचणारे उरले नव्हते. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा असे लेख पुन्हा बोलू लागले. माणसाच्या श्रमाला दैवी म्हणणे हा त्या माळ्याचा आणि त्या पाथरवटाचा अपमान आहे.

लेण्यांबाहेरच्या कातळावरही खपलीची शैवाके आहेत. ती खरवडू नयेत, अक्षरांवर खडू किंवा तेल तर मुळीच लावू नये. लेण्यांची साफसफाई पुरातत्त्व खात्याच्या जाणकारांनी करायची असते.

या वर्षावासात हे करावे

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वस्त्या-वस्त्यांतून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. हाच काळ शैवाके ओली, हिरवी आणि ओळखायला सोपी असण्याचा. कालामांना तथागतांनी सांगितले, की परंपरेने आले म्हणून मानू नका, कुणी मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. धम्माला आपण ‘एहिपस्सिको’ म्हणतो, म्हणजे या आणि पाहा. रविवारच्या वाचनानंतर एक तास मुलांना घेऊन बाहेर पडावे. महिला मंडळाने स्वयंपाकघरातले दगडफूल एका वाटीत पाण्यात टाकून मुलांना आधी दाखवावे, मग झाडाकडे न्यावे.

वहीत एवढेच लिहावे : तारीख, झाडाचे नाव, खोडाचा घेर, साल गुळगुळीत की भेगाळलेली, ऊन की सावली, समुद्र किती दूर. डागाची कड उचलते का, फळे रेघांची, ठिपक्यांची की ताटल्यांची, आणि एका हातभर जागेत बिऱ्हाडे किती. नमुना हवाच असेल तर अभयारण्याबाहेर, पावसाने पडलेल्या फांदीवरचा घ्यावा, सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवावा आणि पाकिटावर हीच माहिती लिहावी. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नये, कुजतो. उभ्या झाडाला पाते लावू नये.

आणि एखाद्या झाडावर डाग दिसले म्हणून कुणी कोयता घेऊन निघाला, तर त्याला भांडू नये. त्याच्या हातातला कोयता अलगद घ्यावा आणि भिंग द्यावे.

जयभीम!